आत्याचा लखोटा

गेल्या मे महिन्यात भर दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आत्याच्या शेजारचा मुलगा बोलत होता. "आज्जीस्नी कोर्टाचं कायतरी आलंय. चार दिस झालं, फोडंनात. देवाम्होरं ठेवलंय. जेवण बी धड न्हाई. पुण्यात कोण वकील हाय का तुमच्या वळखीचा?" माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, पाकीट कसलं आहे? "चांगलं जाड हाय. मागं लाल लाख लावलीया, वर शिक्का." पाठवणाऱ्याचं नाव? "न्हाई की. नुसता शिक्काच."

ते पत्र माझं होतं.

चार पानांच्या त्या पत्रात काय होतं म्हणाल, तर काही नाही. यंदा कैरी उशिरा आली, गुडघ्याला नवीन तेल लावतेय, सोसायटीतल्या मांजरीने आमच्या गॅलरीत पिल्लं घातली, आणि तू लोणच्याला मोहरी फेसून घालतेस की नुसती भरडून, असलं सगळं. आत्याला फोनवर ऐकू येत नाही. समोर बसून, ओठांकडे बघत ती सगळं बोलते, पण फोन कानाला लावला की "हां, हां, बरं हाय, ठेव आता" एवढंच. त्यामुळे गेली नऊ-दहा वर्षं मी तिला महिन्याला एक पत्र टाकते. निळं अंतर्देशीय. तीन घड्या, कडेला डिंक, आणि डिंक चिकटत नाही म्हणून भाताची दोन शितं. ते पत्र तिला लांबूनच कळतं. पोस्टमन फाटकापाशी असतानाच ती चष्मा शोधायला लागते म्हणे. या वेळी मी ते निळं पत्र सोडून दिलं आणि क्रीम रंगाच्या जाड पाकिटाच्या नादी लागले. पाकिटाच्या मागची बाजू मोहोर उठून दिसावी म्हणून कोरी ठेवली. पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाही, कारण ते 'चांगलं दिसलं नसतं'. साठाव्या वर्षी माणसाला असा सौंदर्याचा झटका येऊ शकतो यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

झटक्याचं मूळ भाचीच्या भेटीत. ती बेंगळुरूला असते, वाढदिवसाला तिने एक सुबक खोका पाठवला. आत लाकडी मुठीचा पितळी ठसा, चमचाभर मेण वितळवायची बुटकी पळी, दोन चपट्या मेणबत्त्या आणि डबीत साबुदाण्याएवढे, मोत्यासारखे चमकणारे रंगीत दाणे. ठशावर नेच्याचं पान. पळीत तीन दाणे घ्यायचे, वितळले की पाकिटावर ओतायचे, ठसा टेकवायचा, दहा आकडे मोजायचे, उचलायचा. झाली मोहोर. पहिल्या संध्याकाळी मी घरातली सगळी जुनी पाकिटं मोहोरबंद केली, विजेच्या बिलाचंसुद्धा. मजा आली हे कबूल. पण काहीतरी चुकत होतं, आणि ते काय हे दोन दिवसांनी भांडी घासताना लक्षात आलं. वास नव्हता.

लाखेला वास असतो. किंचित गोड, जळकट, थोडा राळेसारखा, थोडा देवळाच्या गाभाऱ्यासारखा, आणि त्याच्या मागून येणारा काजळीचा. माझं सगळं लहानपण त्या वासात गेलं. अण्णा सब-पोस्टमास्तर होते आणि आम्ही पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढे कचेरी, मागे चूल, मध्ये एक दार आणि त्या दाराला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. संध्याकाळी सहाच्या एसटीला थैली द्यायची असे. साडेपाच वाजले की पडद्यापलीकडे ठराविक आवाज सुरू व्हायचे. तारखेच्या शिक्क्याची ठकठक, मग सुतळी ओढल्याचा करकर आवाज, मग शांतता. ती शांतता लाखेची. थैलीचं तोंड सुतळीने आवळून बांधलेलं, गाठीवर लेबल, आणि त्या गाठीवर लाख. अण्णा दिव्याच्या ज्योतीशी लाखेची कांडी धरायचे. ज्योतीत घालायचे नाहीत, शेजारी. "लाख पेटवायची न्हाई, तिला घाम फुटंपर्यंत तापवायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेटली की काळी पडते, बुडबुडे धरते, आणि वर तिचा पेटता थेंब मांडीवर पडला तर चामडी घेऊनच निघतो. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर तसा एक पांढरा डाग होता. लाख गाठीवर ओघळली की पितळी मोहोर ओल्या फडक्यावर टेकवून वर दाबायची. ओली केली नाही तर लाख पितळेला धरते आणि मोहरेसकट अर्धी उचलून येते. मोहोर उठली की अण्णा मान तिरकी करून अक्षरं वाचायचे. गावाचं नाव उलटं नाही ना, पुसट नाही ना. रोजचं काम, रोजची तीच अक्षरं, पण न वाचता त्यांनी थैली कधी उचलली नाही.

आणि सकाळी याच्या उलट. दुसऱ्या गावाहून आलेली थैली टेबलावर घ्यायची, आधी मोहोर तपासायची, आणि मग ती न फोडता सुतळी कापायची. हे मला लहानपणी फार विचित्र वाटायचं. फोडण्यासाठीच तर लावली आहे ना? अण्णा म्हणायचे, नाही. सुतळी, लेबल आणि मोहोर अख्खी बाजूला ठेवायची, आतला सगळा हिशेब जुळेपर्यंत. काही कमी भरलं, तर ही साक्ष. कुणी वाटेत हात घातला की नाही, हे मोहोर सांगते. साक्षीदाराचा जबाब घ्यायच्या आधीच त्याचा गळा कोण आवळतो?

विमा उतरवून पाठवलेल्या पाकिटांचा आणि पार्सलांचा थाट आणखी वेगळा. मांजरपाटाच्या कापडात डबा शिवून आणायचे लोक, बाभळीच्या काट्यासारख्या जाड सुईने. शिवणीवर ठराविक अंतरावर लाखेचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यावर एकच खूण, पाठवणाऱ्याची स्वतःची. इथे हमखास वाद व्हायचा, कारण लोक खिशातून दहा पैशांचं नाणं काढायचे. नाण्याचा छाप चालत नसे. नाणं सगळ्यांच्याच खिशात असतं, मग वाटेत कुणीही फोडून पुन्हा लाख लावून तसंच नाणं दाबेल. तुमच्याकडेच असेल आणि दुसऱ्याकडे नसेल अशी वस्तू आणा. मग लोक विचारात पडायचे. तुमच्याकडेच आहे असं काय असतं खेड्यातल्या माणसाकडे? कुणी पेटीच्या किल्लीचा कान दाबायचा, कुणी अंगठी. एकदा एक बाई मुंबईच्या लेकीला नथ पाठवत होत्या. त्यांनी बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं, मग खाली वाकून पायातली मासोळी काढली, पदराने पुसली आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली. लाखेत मासा उमटला, खवल्यांसकट. सात-आठ मासे. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होते. पार्सल गेल्यावर त्या बाईंनी कचेरीच्या पायरीवर बसून मासोळी पुन्हा बोटात घातली, ते बघायचं नसतं असं काहीतरी वाटून मी आत पळाले.

म्हणून मग भाचीचे मोती डबीत घालून ठेवले आणि आप्पा बळवंत चौकात गेले. तिसऱ्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी वरच्या फळीवरून धूळ झटकून लाखेच्या कांड्यांचं खोकं काढलं. "आता कोण घेतंय? कधीमधी वकील, कधी शाळावाले." कांडी हातात घेतली तर अगदी तीच: विटकरी लाल, काचेसारखी, टेबलावर आपटली तर टणकन वाजणारी. आणि ठसा? नेच्याचं पान नको वाटलं. आईच्या मासोळ्या माझ्याकडे होत्या. अण्णा गेल्यावर तिने काढल्या, त्या हळदीच्या डागाच्या रुमालात तशाच बांधून राहिल्या होत्या. त्यातली एक दाबून पाहिली. मासा उमटला. त्या रात्री घरभर जो वास पसरला तो सांगता येणार नाही. नवरा झोपेतून उठून गॅस बघून आला.

मध्येच थोडं शब्दांचं. लखोटा म्हणताना मला लाखच ऐकू येते. आजही निविदा बंद लखोट्यात मागवतात, न्यायालयात अहवाल सीलबंद लखोट्यात जातो, बातम्यांत रोज येतं. खलिता म्हणजे मुळात पत्र नव्हे, पत्राची थैली. संस्थानिकांची पत्रं किनखापाच्या थैलीत जायची आणि दोरीला लाखेची भली थोरली चकती लोंबायची. आणि आपण निर्णयावर शिक्कामोर्तब करतो, पण शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरून. शिवकालीन पत्रात शिक्का वर, मोर्तब शेवटी. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र शेवटची ती छोटी मुद्रा जास्त आवडते, 'मर्यादेयं विराजते'. इथे मजकूर संपला. याच्या खाली कुणी ओळ लिहिली तर ती आमची नाही. या मुद्रा शाईने उठवलेल्या, त्यांत लाख नाही, पण अण्णांच्या थैलीवरच्या मोहरेचं आणि त्यांचं काम एकच: मधल्या माणसांना बजावणं. मोहोर मित्राला उद्देशून नसतेच. ती असते टपाल नेणाऱ्याला, शेजाऱ्याला, घरातल्या चौकस दिराला. हे मला तेव्हा सुचलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

मोबाइलवर बघावं तर ही सगळी विलायती हौस वाटते. क्रीम कागद, वाळलेली फुलं, मोहोर, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की जुन्या युरोपात गेल्यासारखं वाटतं. तिकडची खरी गोष्ट गमतीदार आहे. इंग्लंडात १८४० पर्यंत टपालाचा दर कागदाच्या पानांवर ठरायचा, आणि पाकीट म्हणजे एक जास्तीचं पान. म्हणून लोक पत्रालाच घड्या घालायचे आणि मोहोर लावून बंद करायचे. म्हणजे त्या सगळ्या रोमँटिक मोहरांच्या मागे काटकसर आहे, हे कळल्यावर मला ते लोक जरा आपले वाटले. आणि मोहरेचं ते 'मेण' तरी कुठलं? पूर्वी खरंच मधमाश्यांचं मेण आणि राळ असे, पण सोळाव्या शतकापासून त्यात आपल्याकडून गेलेली लाख आली. पळसावर, बोरीवर, कोशिंबावर बसणारा तो इवलासा किडा. फांदीला चिकटतो, रस शोषतो, अंगातून पाझरणाऱ्या राळेचं घर स्वतःभोवती करतो आणि मादी त्याच घरात जन्म काढते. पिल्लं बाहेर पडतात, घर फांदीवर राहतं, ते आपण खरवडून आणतो. झारखंडात, छत्तीसगडात, आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला. त्यातून चपडा होतो, सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश करतात. सोनार पोकळ दागिन्यात भरतात. आणि उरलासुरला वाटा राळ, खडूची भुकटी, रंग यांच्यात मिसळून आमच्या अण्णांच्या टेबलावर यायचा. कोण्या इंग्रज सरदाराने प्रेयसीला लिहिलेल्या पत्रावर पळसावरच्या किड्याचं घर चिकटलेलं असणार. तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

आत्याला पाठवण्याआधी मी तालीम केली होती. स्वतःच्याच पत्त्यावर चार पाकिटं टाकली, दोन भाचीच्या मोत्यांची, दोन लाखेची. पोस्टाच्या खिडकीवरच्या मुलीने एक पाकीट बोटाने चाचपलं आणि विचारलं, "आत नाणं वगैरे नाही ना?" मी म्हटलं, वरून आहे ते. तिने पाकीट उलटं केलं, मोहोर बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता जास्तीचं तिकीट लावायला सांगितलं. तीन दिवसांनी पाकिटं घरी आली. मोत्यांच्या मोहरा शाबूत, नुसत्या जरा चपट्या झालेल्या. ते मेण रबरासारखं वाकतं, म्हणूनच बनवलेलं आहे. लाखेची एक चिरफाळून आली, नेमकी माशाच्या पोटातून. दुसरीवर कुणीतरी तारखेचा शिक्का हाणला होता. अर्धी लाख उडाली होती आणि जागेवर राहिलेल्या अर्ध्या माशावर काळ्या शाईत तारीख होती. मला वाईट वाटायच्या ऐवजी हसूच आलं. अण्णांनीही हाणला असता. टपाल म्हणजे काही तबक नव्हे. थैल्या फेकल्या जातात, गाडीत एकावर एक रचल्या जातात, वर कुणीतरी बसतो.

लाखेचा हा ठिसूळपणा आपल्या टपालाने एकदा चांगलाच अनुभवलेला आहे. १८५२ मध्ये सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं, आशियातलं पहिलं. काढणारे बार्टल फ्रिअर, जे त्याआधी आमच्या साताऱ्याला रेसिडेंट होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. ते पहिलं तिकीट कागदावर छापलेलं नव्हतंच, लाखेच्या पातळ लाल चकतीवर उठवलेलं होतं. म्हणजे तिकीट म्हणून मोहोरच. आणि झालं काय, तर हाताळताना ती तडकायला लागली. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव, मग निळ्या शाईत, आणि १८५४ मध्ये सगळ्या हिंदुस्थानची तिकिटं आल्यावर तेही बंद. लाल तिकीट आज दुर्मिळातलं दुर्मिळ आहे. साहेबाच्या डोक्यात ती कल्पना साताऱ्यातल्या कुठल्या दरबारी खलित्याची चकती बघून आली असेल का, असं मला उगाच वाटत राहतं. पुरावा काही नाही, फक्त साताऱ्याचा अभिमान.

तर आत्याच्या पाकिटाला मी लाख जरा सढळ लावली. तडकली तरी काही भाग राहावा म्हणून. एक मध्ये आणि चार कोपऱ्यांना चार. पाच मासे. विम्याच्या पाकिटासारखं दिसत होतं, आणि मला ते फार देखणं वाटलं.

आमच्याकडे पत्राची बाहेरची बाजू आधी बोलते, हे मी विसरले कशी? लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं असत, आणि ती बघितली की पत्र फोडायच्या आत घरात कुणाचं ठरलं याचे अंदाज सुरू व्हायचे. आणि कार्डाचा कोपरा फाडलेला असला की कुणी मोठ्याने वाचायचं नाही. अण्णांना टपाल लावताना तशी कार्डं आधी दिसायची. ते ती गठ्ठ्याच्या तळाला घालायचे आणि पोस्टमनला सांगायचे, अमक्याच्या घरी शेवटी जा, जेवणं होऊ देत. कुंकू म्हणजे शुभ, फाटका कोपरा म्हणजे गेलं कुणीतरी. आणि लाख? लाख म्हणजे सरकार. लाख म्हणजे मतपेटी, तिजोरी, जप्ती. कुणाच्या दुकानाला 'सील ठोकलं' म्हणताना आपण अजून आवाज खाली आणतो.

खरं तर मला याहून जास्त माहीत होतं. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले.

१९७४ साली मी नऊ वर्षांची होते. दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे गेले होते, गडहिंग्लजच्या पुढे तिचं सासर आहे. वाड्याच्या वाटणीवरून भाऊबंदांत दावा चालू होता आणि कोर्टाच्या हुकुमाने माजघराला लागून असलेल्या खोलीला सील लागलं होतं. कुलपावर पांढरं कापड गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, आणि त्याच्यावर लाल लाख. घरातल्या मोठ्या माणसांना ती खोली दिसतच नसल्यासारखी ती तिच्यावरून जायची-यायची. मला मात्र ती लाख बघून घरची आठवण झाली. वास घ्यायला नाक लावलं तर वास गेलेला होता. म्हणून नखाने थोडी खरवडली, हातावर घेऊन चोळावी म्हणून. एवढ्यात आत्या आली. तिने आयुष्यात एकदाच मला मारलं, ते तेव्हा. आणि मारून झाल्यावर स्वतःच खाली बसली, माझी बोटं धरून नखांतला लाल कण न कण काढला आणि तो सील लावलेल्या जागी परत दाबायचा प्रयत्न करत राहिली. लाख अशी परत बसत नाही. तिची बोटं थरथरत होती. त्या खोलीत तिची लग्नातली पेटी होती, दोन मोठी पातेली होती आणि भिंतीतल्या कोनाड्यात तिने लपवून ठेवलेला कोल्हापुरी साज होता. पावणेसहा वर्षांनी खोली उघडली तेव्हा पेटीला वाळवी लागलेली होती. साज मिळाला. पातेली मिळाली की नाही ते मी कधी विचारलं नाही.

ही सगळी आठवण माझ्या डोक्यात होती. पुसट नाही, चांगली रंगीत होती. आणि तरी त्याच बाईच्या दाराशी मी लाल लाखेच्या पाच मोहरा पाठवल्या. मासोळी हातात होती, आई आठवत होती, अण्णा आठवत होते. आत्याची बोटं तेवढी आठवली नाहीत. आठवणीसुद्धा आपण टपालासारख्या लावतो बहुधा, ज्या खणात सोयीच्या त्या खणात.

त्या दुपारी मी शेजारच्या मुलाला म्हटलं, त्यांना सांग हे माझंच पत्र आहे, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखव. थोड्या वेळाने त्याच्याच मोबाइलवरून आत्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. ऐकू येत नसलं तरी बोलायला काय हरकत आहे, हे त्यांनी दोघांनी मिळून शोधून काढलेलं. "काय गं बाई, मी तर घाबरलोच बघ. म्हटलं परत उकरून काढलं का काय मेल्यांनी. लोणच्याला मोहरी फेसूनच घालतो मी. भरडून न्हाई." एवढंच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मी गेलेच. देवापुढे पाकीट अजून होतं, पण आता ते बाजूने कात्रीने उघडलेलं होतं, एका सरळ रेषेत. पाचही मोहरा जागच्या जागी. एक तडकलेली, चार धड. मी विचारलं, मागून का नाही उघडलंस? ती माझ्या ओठांकडे बघत होती, तरी दोनदा विचारावं लागलं. "अण्णा सांगत हुता न्हवं, मोहोर फोडायची नसती म्हणून. साक्ष असती ती." कसली साक्ष, कुणाची, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग तिने पाकीट उजेडात धरलं, एका माशावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "वैनीची मासोळी हाय ही. डाव्या पायातली. हिचा कल्ला झिजल्याला." मी घरी येऊन दुसरी मासोळी रुमालातून काढून बघितली. तिचा कल्ला शाबूत आहे.

चहा पिताना आम्ही साजाकडे वळलो. तो आता तिने नातसुनेला दिलाय, पण देताना सोनाराकडे जाऊन वजन करून आणलं. मण्यांत लाख असते, तिचं वजन सोनार वजा करतो, आणि किती वजा करतो यावरून सोनाराची जात कळते म्हणे. सोनाराची जात म्हणजे त्याची नियत. लाख किती, सोनं किती, यावर तिने मला अर्धा तास सांगितलं. पावणेसहा वर्षं बंद खोलीत राहून लाखेला काही झालं नाही, सोन्यालाही नाही, पेटी तेवढी गेली. हे तिने पेटीबद्दल हळहळत सांगितलं, साजाबद्दल नाही. पेटी तिच्या आईची होती.

परत आल्यावर मी पुन्हा निळ्या अंतर्देशीयावर आले. शितं, तीन घड्या. लाखेची कांडी खणात टाकली. म्हटलं झालं हे प्रकरण. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात विलीन झालं, तार तर २०१३ मध्येच गेली. एकेक जातंय त्यात माझ्या मोहरेचं काय मोठं.

गेल्या आठवड्यात आत्याचं कार्ड आलं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, उघडं, आमच्या पोस्टमनने ते जिना चढताना वाचलेलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिचं अक्षर तिरकं पळतं, पण शाईचं पेन सोडलेलं नाही. वर श्री, मग चिरंजीव, मग अनेक आशीर्वाद. पाऊस बरा आहे. म्हशीला रेडकू झालं. तू लाख लावायची बंद का केलीस? त्या पाकिटावरची मी हळूच सोडवून घेतली, ती वाटीभर पण झाली नाही. भाजी चिरायच्या सुरीची मूठ हलते, तिच्यात लाख भरून बसवायची आहे, इथे गावात आता मिळत नाही. पुढच्या पत्राला जरा जास्त लाव. ठसा उठवू नकोस, उगाच दाबून पसरते आणि कागदाला धरते, नुसते गोळे टाक.

कोपऱ्यात उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत: एका मोहरेला मी हात लावलेला नाही, ती राहू दे.

मी कांडी बाहेर काढली आहे. सुरीच्या मुठीला किती लागेल याचा अंदाज येत नाही. अर्धी कांडी बहुधा.